पेंटरची तिसरी ओळ

शेवटचा भेटलो तेव्हा सुधाकरनं मला एक काम सांगितलं, आणि ते अंगावर पडू नये म्हणून मी तिथल्या तिथं एक गोड वाक्य शोधून काढलं. यवतमाळच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर तो पाठीशी दोन उशा घेऊन बसला होता. आडवा झाला की श्वास अडकायचा. मी नेलेली मोसंबी त्यानं हातानंच बाजूला सारली आणि म्हणाला, "सर, औंदा तिथी आन तारीख एकाच दिशी येते. एकोणीस वर्षं झाले. माह्या हातून आता होत नाई. तुमी लिहा." मी म्हणालो, "अरे, तू बरा होऊन ये, तूच लिही." त्यावर त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं... असं पाहणं त्याला चांगलं जमायचं, समोरच्याला आपली उंची दोन बोटं कमी झाल्यासारखी वाटायची. "मी बरा होईन का, हे तुमाले इचारलं नाई मी," तो म्हणाला, "लिहसान का, हे इचारलं." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं! परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि घर येईपर्यंत मी चक्क झोपलो.

दहाव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तेही सांगून टाकतो, कारण या लेखात दुसरं काही नसलं तरी खरेपणा असावा. फोन कानाशी तसाच धरून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तो दिवस यायला अजून बारा दिवस होते.

सुधाकर मनवर हे नाव आमच्या गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. यवतमाळहून दारव्ह्याकडं जाताना लागणारं आमचं हे बाजाराचं गाव, तिथं तो नुसता 'पेंटर' होता. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर, जिनिंगच्या भिंतीवरची भली मोठी अक्षरं, लग्नघराच्या दारावरचा गणपती, आणि निवडणूक आली की सगळ्याच पक्षांची चिन्हं तो सारख्याच प्रेमानं, किंवा सारख्याच तुच्छतेनं रंगवायचा. अक्षर असं की माझ्यासारखा पस्तीस वर्षं खडू झिजवलेला मराठीचा मास्तरही त्याच्या पाटीपुढं सायकल थांबवून उभा राहायचा. मग फ्लेक्स आला. दोन वर्षांत पेंटरचं दुकान बसलं. तेव्हा मी वाचनालयाचा सचिव होतो, अजूनही आहे. आम्ही त्याला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. ग्रंथपाल म्हणून घेता आलं असतं, कारण पुस्तकं तोच द्यायचा आणि वाचायचाही तोच. पण त्याच्याकडं कागद नव्हता, आणि आमच्या समितीला माणसापेक्षा कागद जास्त वाचता येतो.

शिपाई झाल्यावर महिन्याभरात त्यानं अडगळीतला एक काळा फळा धुऊन, घोटून, व्हरांड्यात टांगला आणि त्यावर रोजचा दिनविशेष लिहायला सुरुवात केली. अशा पाट्या शाळाशाळांत असतात, त्यात काही नवल नाही. पण याच्या फळ्यावर तीन ओळी असायच्या. पहिली जगाची, दुसरी देशाची आणि तिसरी आपली. चंद्रावर माणूस उतरला त्या तारखेला तिसऱ्या ओळीत असायचं, 'आजच्या दिवशी आपल्या गावात पिठाची पहिली गिरणी सुरू झाली. पहिलं दळण आणणाऱ्या बाईला पीठ गरम लागलं म्हणून ती भांडली.' कधी असायचं, 'आजच्या दिवशी बाजारओळीतली मोठी चिंच पडली, पाखरं दोन दिवस घिरट्या घालत होती.' पहिल्या दोन ओळी पुस्तकातून मिळायच्या. तिसरीसाठी मात्र त्याला चालावं लागायचं.

त्याची रीत अशी. म्हाताऱ्या माणसांपुढं जाऊन बसायचं आणि विचारायचं, हे कधी झालं? आता आमच्याकडं म्हाताऱ्यांना तारीख कुठून ठाऊक! कुणी सांगायचं, पोळ्याच्या पाडव्याले. कुणी सांगायचं, ज्या साली नाल्याले दोनदा पूर आला, त्या सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिशी. पेंटरनं रद्दीवाल्यांकडून जुनी कॅलेंडरं जमवली होती, पन्नासेक वर्षांची, खिळ्याला सालवार टांगलेली. पुराचं साल कोणतं ते आधी दहा जणांकडून पक्कं करायचं, मग त्या सालचं कॅलेंडर उतरवायचं, तिथीवरून तारीख काढायची आणि आपल्या जाडजूड वहीत त्या तारखेच्या पानावर गोष्ट टिपून ठेवायची. वहीत तीनशे सहासष्ट पानं होती. तिथी आणि तारीख यांची सांगड त्याच्याइतकी गावातल्या भटजीलाही घालता येत नव्हती, आणि भटजी हे स्वतः कबूल करायचा. सकाळी चहा घेऊन लोक फळ्यापुढं उभे राहायचे, ते पहिल्या दोन ओळींसाठी नव्हे. आपल्या आज्याचं, आपल्या गल्लीचं नाव कधी येतं ते पाहायला यायचे. आलं की फोटो काढायचे, न आलं की पेंटरशी वाद घालायचे.

फळा सुरू झाला त्याच वर्षी, पावसाळ्यात, आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर असलेल्या तांड्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत पडली. नवीकोरी भिंत. आदल्याच उन्हाळ्यात बांधलेली. चार दिवस झड लागली होती, म्हणून मुलं भिंतीच्या आडोशाला बसून खिचडी खात होती. बाकीची पळाली. तिसरीतली ललिता राठोड ताट घ्यायला मागं वळली. चौकशी झाली, पाऊस फार झाला असं निघालं. पाऊस शेजारच्या पन्नास वर्षांच्या मातीच्या भिंतींवरही तेवढाच झाला होता, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

ती तारीख कोणती, हे मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. आणि कळल्यावर तुम्ही मला जे म्हणाल ते मी स्वतःला आधीच म्हणून घेतलं आहे.

पुढच्या वर्षी त्या तारखेला फळ्यावर तिसरी ओळ आली : 'आजच्या दिवशी तांड्याच्या शाळेची भिंत पडून इयत्ता तिसरीतली ललिता राठोड गेली.' बस. ठेकेदाराचं नाव त्यानं लिहिलं नाही, त्या वर्षी नाही आणि नंतर कधीच नाही. ललिताची आई, सोनाबाई, त्या दिवशी तांड्यावरून चालत आली. तिला वाचता येत नव्हतं. पेंटरनं फळ्यावर बोट ठेवून तिला ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ उभी राहिली, पदर नीट केला आणि बाजारही न करता परत गेली. मग ती दरवर्षी यायला लागली. पेंटरच्या चेष्टेलाही हा विषय पुरला. नऊ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडल्याचं त्यानं लिहिलं, तर चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय पेंटर, तुले भिती पाडाचा नादच लागला का?" तो म्हणाला, "ते लोकायनं पाडली. आपली आपल्या मनानं पडली." टपरीवर हशा झाला. मीही हसलो होतो.

तेरा वर्षं हे असंच चाललं. मग भाऊ आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष झाले. भाऊ म्हणजे ज्यांनी ती भिंत बांधली तेच, तेव्हाचे साधे ठेकेदार, आता दोन शाळा आणि एका कॉलेजच्या संस्थेचे मालक. त्यांनी वाचनालयाला वर स्लॅब टाकून दिला, कूलर दिले. स्लॅब अजून गळत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, माणूस शिकतो. माझी सून त्यांच्या शाळेत शिकवते, तिची नेमणुकीची ऑर्डर अजून पक्की झालेली नाही, हेही नमूद करतो. अध्यक्ष झाल्यावरचा पहिला वाढदिवस आला आणि कार्यकर्त्यांनी व्हरांड्यात भाऊंचा फ्लेक्स लावला. वर भाऊ हात जोडून हसताहेत, आणि बरोबर खाली फळ्यावर खडूनं लिहिलेलं, आजच्या दिवशी ललिता राठोड गेली. तोवर त्यांचा वाढदिवस त्यांच्या घरापुरताच असायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तारीख एकच होती.

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, माणसाला निदान बाजू घ्यावी लागते. त्यांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. "सर, माहं काई म्हणणं नाई. लेकरू गेलं, वाईटच झालं. पण चांगल्या दिवशी वाईट गोष्ट कायले?" आठ दिवसांत समितीची बैठक लागली. सगळे टेबलाकडं पाहत होते. पेंटर दाराशी उभा होता, कारण शिपायाला खुर्ची नव्हती. आणि तेव्हा मी, ज्याला गावात शहाणा समजतात त्या मी, एक तोडगा काढला. म्हटलं, आपल्याकडं गेलेल्या माणसाचं सगळं तिथीनंच करतात. वर्षश्राद्ध तिथीनं, पितर तिथीनं. मग ललिताची ओळही तिथीनं लिहू. तारीख दरवर्षी वेगळी येईल, कुणाचं मन दुखणार नाही, आणि ओळही राहील. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला. "सर म्हणजे सर," कुणीतरी म्हणालं. मला काय बरं वाटलं होतं त्या क्षणी! शरम वाटावी इतकं बरं वाटलं होतं.

पेंटर दारातून म्हणाला, "भाऊची तारीख मास्तरनं लिवलेली हाये, शाळेत नाव घालताना. आपल्या सगळ्यायच्याच तशा. त्या पोरीची तारीख भितीनं लिवली. हलवाची कोनती, सर?" खरं होतं ते. आमच्या पिढीच्या जन्मतारखा मास्तरांच्या मर्जीनं ठरल्या, माझीही तशीच. मी म्हणालो, "सुधाकर, समजून घे." तो डोळे बारीक करून मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिला आणि म्हणाला, "तिथीनं... बरं. पण तिथी येईन त्या दिशी लिहीन. मंग ते कोनतीबी तारीख असो. कबूल?" कबूल, कबूल, सगळे एका सुरात म्हणाले. तो इतक्या लवकर कसा वळला याचं मला नवल वाटलं, पण घरी जाऊन मी जेवलो आणि विसरलो.

त्यानं काय मोजलं ते त्यानंच दोन वर्षांनी सांगितलं. तिथी आणि तारीख दर एकोणीस वर्षांनी पुन्हा एका दिवसावर येतात. पन्नास कॅलेंडरं चाळलेल्या माणसाला ते पाठच होतं. मराठी शिकवणाऱ्याला नव्हतं. समितीनं आपल्या तोंडानं कबूल केलेल्या अटीप्रमाणे एकोणिसाव्या वर्षी ललिताची ओळ पुन्हा भाऊंच्या वाढदिवशीच येणार होती. "तवा तुमची समितीच मले लिव म्हनन," तो म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. मधली वर्षं तो दरवर्षी तिथी पाहून तांड्यावर निरोप द्यायचा, आणि सोनाबाई कधी आठ दिवस आधी, कधी पंधरा दिवस नंतर, पण यायची. एकदा म्हणाली, "माही पोरगी मरून बी हिकडून तिकडं फिरून राह्यली." पेंटरनं माझ्याकडं पाहिलं नाही. ते पाहण्यापेक्षाही वाईट होतं.

तो गेला तेव्हा भाऊ सगळ्यांत आधी आले. आदरांजली सभा वाचनालयातच झाली. भाऊ म्हणाले, पेंटर म्हणजे गावाचा चालताबोलता इतिहास होता, आणि त्याच्या स्मरणार्थ लवकरच व्हरांड्यात लाईटवर चालणारा बोर्ड लावू, त्यावर दिनविशेष आपोआप येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आदरांजलीच्या सभेत टाळ्या! त्या आपोआप येणाऱ्या दिनविशेषात गिरणीवर भांडणारी बाई कुठून येणार, असं विचारावंसं वाटलं. मी आभारप्रदर्शन केलं. प्रज्ञा वही घेऊन आली होती, ती तिनं परत नेली. बरं केलं.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळीच कार्यकर्ते येऊन फ्लेक्स लावून गेले होते, आणि या वेळी जागा पुरत नाही म्हणून त्यांनी तो थेट फळ्याच्याच खिळ्यांना बांधला होता. फळा पूर्ण झाकला गेला होता. मी सकाळी सहाला किल्ली घेऊन गेलो. खिशात खडू होता. रात्री अंथरुणात मी ठरवलं होतं, फ्लेक्स सोडायचा, गुंडाळून ठेवायचा, ओळ लिहायची, आणि कुणी विचारलंच तर समितीचा ठराव दाखवायचा. दोरीच्या गाठीला हात लावला... आणि सुनेची ऑर्डर आठवली. सुनेची म्हणतो, पण भीती माझीच होती. तिनं मला कधी काही म्हटलं नव्हतं. मी गाठ सोडली नाही. फ्लेक्सची खालची कड एका हातानं उचलली, आत डोकं घातलं आणि दुसऱ्या हातानं फळ्यावर ओळ लिहिली. वाकडीतिकडी आली. कड सोडून दिली. ओळ लिहिलेली होती आणि कुणाला दिसत नव्हती. सुधाकरला दिलेला शब्दही पाळला आणि भाऊंचंही राखलं, असं मी स्वतःला सांगितलं. या दुसऱ्या तोडग्याबद्दल मी तेव्हाही स्वतःला थोडी शाबासकीच दिली, काय सांगू.

दहाच्या सुमारास सोनाबाई आली. पेंटरनं दवाखान्यात जाण्याआधीच तिला दिवस सांगून ठेवला असणार. आता ती पुष्कळ म्हातारी दिसत होती. बरीचशी वाट रिक्षातून आली होती, चौकात उतरून काठी टेकत आली. चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा मंडप पडला होता, पेढे वाटणं चाललं होतं, तिच्याही हातावर कुणीतरी पेढा ठेवला होता. तो तिनं पदराच्या टोकात बांधला. फ्लेक्सपुढं उभी राहून ती वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. मी पुढं झालो.

"लिहिलंय, सोनाबाई," मी हळूच म्हणालो.

"कुठी?"

"मागं. याच्या मागं आहे. मी स्वतः लिहिलंय." आणि तिला बरं वाटावं म्हणून मी ओळ तोंडानं म्हणून दाखवली, आजच्या दिवशी तांड्याच्या शाळेची भिंत पडून... इतक्या हळू की मंडपात ऐकू जाऊ नये.

तिनं मला पुरं करू दिलं. मग म्हणाली, "आयकाले नाई आली मी, सर. वाचाले आली. तिचं नाव वाचता येते मले. पेंटरभाऊनं शिकोलं, दर साली एक-एक अक्षर." मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच व्हरांड्यात होतो, आणि मला माहीत नव्हतं.

"हे जरासं वर धरता का?" ती म्हणाली.

मी आधी चौकाकडं पाहिलं. मंडपात कोण कोण बसलंय, कुणाची तोंडं इकडं आहेत. फार वेळ नाही, घटकाभरही नाही. पण तिनं माझं पाहणं पाहिलं. काठी खांबाला टेकवली, स्वतःच वाकून फ्लेक्सची कड उचलली आणि आत शिरली. बाहेर फक्त तिचे पाय आणि लुगड्याचा काठ दिसत होता. वर भाऊ हात जोडून हसत होते. आतून तिचा आवाज आला, मोठा, चौकात जाईल असा. बोट ठेवून वाचत असावी, कारण प्रत्येक अक्षराला थांबत होती... ल... लि... ता. मग पुन्हा पहिल्यापासून. मंडपातली माणसं वळून पाहायला लागली. मी फ्लेक्सपासून दोन पावलं बाजूला सरकून उभा राहिलो.